"चालणार कधी?" याच्या आधीचे प्रश्न

गेल्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. मामेभाऊ १७ वर्षांचा. बाइक घसरली, मणक्याचं ऑपरेशन झालं, आता घरी आणलाय. बघायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "चालायला कधी लागणार?" आणि हा भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. त्याच्याशी बोलायचं काय, असा प्रश्न होता. मी डॉक्टर नाही, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. पण हा विषय नीट वाचून आलोय.

आधी शरीरात काय होतं ते बघू. कण्याच्या आतून मज्जारज्जू जातो. हाड मोडलं तर जुळतं, मज्जारज्जू तसा जुळत नाही. म्हणून ऑपरेशन चांगलं झालं तरी पाय हलत नाहीत, आणि घरच्यांना वाटतं डॉक्टर काहीतरी लपवतायत. मार मानेत असेल तर हातांवरही परिणाम होतो, त्याच्या खाली असेल तर हात शाबूत राहतात. मार पूर्ण आहे की अर्धवट, हेही बघावं लागतं. सुरुवातीला काही दिवस, कधी काही आठवडे, मज्जारज्जू जणू सुन्न पडलेला असतो. तेव्हा पुढचं नेमकं सांगणं खरंच अवघड असतं.

पाय दिसतात, म्हणून लोक पायांबद्दल विचारतात. रोजचं आयुष्य मात्र लघवीवर ठरतं. हो, लघवीवर. पिशवी भरली हा निरोप मेंदूपर्यंत पोचतच नाही. मग दर चार ते सहा तासांनी एक बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, घालून ती रिकामी करायची आणि नळी काढून टाकायची. पूर्वी समज होता की हे निर्जंतुक पद्धतीनेच व्हायला हवं. १९७२ साली अमेरिकेतल्या जॅक लॅपिडीस या डॉक्टरांनी दाखवलं की स्वच्छ हात आणि स्वच्छ नळी पुरते, पेशंट स्वतः घरी करू शकतो. व्हीलचेअरवरच्या माणसाला कॉलेज, नोकरी, प्रवास शक्य होण्यात या साध्या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

आता वयाचा मुद्दा. सोळा-सतराव्या वर्षी आपण काय करतो? खोलीचं दार लावून घेतो. आई आत आली तर चिडतो. नेमक्या त्याच वयात आईच कॅथेटर घालणार, आईच अंग पुसणार. चिडचिड होते ती नुसती पाय गेले म्हणून नाही, दार गेलं म्हणूनही. त्यामुळे मला विचाराल तर ज्या दिवशी मुलगा किंवा मुलगी स्वतः कॅथेटर घालायला शिकते, तो घरात पेढे वाटायचा दिवस. हात चालत नसतील तर? तरीही 'आता वेळ झाली, असं कर' हे सांगणं त्याचंच काम असायला हवं.

दुसरी गोष्ट कातडी. तुम्ही आत्ता हे ऐकताना चारदा बूड हलवलं असेल, कळलंही नसेल. त्याला टोचतच नाही, म्हणून तो हलत नाही, आणि जखम होते. बेडसोर एकदा खोल गेला की महिनोन्‌महिने पालथं पडावं लागू शकतं. म्हणून खुर्चीत दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून वजन हलवायचं. फोनवर अलार्म लावा, सरळ. आणि रोज आरशात पाठ-बूड बघायचं.

मार छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल तर हे घरातल्या सगळ्यांना पाठ हवं: अचानक डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, वरच्या अंगाला घाम. बीपी झपाट्याने वाढत असतं आणि बहुतेक वेळा कारण तुंबलेली लघवी असते. आडवं करू नका, ताठ बसवा, कपडे सैल करा, लघवी मोकळी करा, आणि थांबत नसेल तर लगेच दवाखाना. अशा मुलांना नीट घामही येत नाही, तेव्हा मे महिन्यात ओला पंचा जवळ ठेवा.

अवनी लेखराचं नाव इथे निघतंच. २०१२ साली जयपूरच्या या शाळकरी मुलीला कार अपघातात मणक्याची इजा झाली, आणि २०२१ मध्ये टोकियो पॅरालिम्पिकला नेमबाजीत सुवर्ण. २०२४ ला पॅरिसमध्ये पुन्हा. भारी आहेच. पण बातमीत 'अपघात' आणि 'सुवर्ण' यांच्यामधली नऊ वर्षं एका ओळीत संपतात. व्हिडिओ फॉरवर्ड करून भावाला 'बघ, शिक काहीतरी' म्हणू नका. त्याला आत्ता पलंगावरून खुर्चीत सरकायला शिकायचंय. त्यासाठी रिहॅब लागतं, नुसती घरी येणारी मालिशवाली बाई नाही. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची या विषयाची मोठी संस्था आहे, तिथे चौकशी करा.

बोलायचं काय, तर अभ्यासाचं बोला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, त्यासाठी ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. यूडीआयडी कार्डाचा अर्ज ऑनलाइन होतो. घरासाठी रॅम्पचा हिशोब एकास बारा: उंबरा सहा इंच तर रॅम्प सहा फूट. आणि कॉलेज बघायला जाल तेव्हा लिफ्ट आहे का एवढंच विचारून परत येऊ नका. टेप घेऊन जा आणि टॉयलेटच्या दाराची रुंदी मोजा. चार तासांनी तिथे जायचंच आहे.