भिंतीतला चेहरा आणि मेंदूतला साहेब

पावसाळ्यात चाळीच्या भिंतींना ओल येते, चुन्याचे पोपडे सुटतात आणि एखाद्या दिवशी कुणाचे तरी पोर ओरडते, "तो बघा बाबा!" मग शेजारपाजारच्या सर्वांनाच दोन डोळे, नाक, दाढी दिसू लागते. इथपर्यंत सारे ठीक आहे. परंतु संध्याकाळी तिथे उदबत्ती लागते, दुसऱ्या दिवशी नारळ फुटतो आणि आठवड्याच्या आत दानपेटी बसते! अशा वेळी आपले काही उत्साही कार्यकर्ते 'काही दिसत नाही, सगळे थोतांड आहे' असे सांगत सुटतात. हे बरोबर नाही. वाचक बंधुभगिनींनो, माणसाला जे दिसले ते दिसलेच. चेहरा भिंतीत नसतो, पण पाहणाऱ्याच्या मेंदूत तो खरोखर उमटतो. तो कसा उमटतो, हे समजावून सांगितले तरच समोरचा ऐकून घेईल.

शास्त्रज्ञ या प्रकाराला 'पॅरिडोलिया' म्हणतात. सोललेला नारळ हातात घ्या, त्याचे तीन डोळे आपल्याकडेच टकामका बघतात. एस.टी.चे दोन दिवे आणि मधली जाळी यांचाही चेहरा होतो. हे कमी शिकलेल्यांनाच होते असे कुणी समजू नये. २५ जुलै १९७६ रोजी अमेरिकेच्या व्हायकिंग-१ या यानाने मंगळाचे छायाचित्र घेतले, त्यात चक्क माणसाचा चेहरा दिसला. हा उन्ह-सावलीचा खेळ आहे, असे 'नासा'ने तेव्हाच सांगितले होते. तरीही मंगळावरच्या प्राचीन संस्कृतीवर पुस्तके निघाली. १९९८ आणि २००१ साली दुसऱ्या यानाने जवळून, स्पष्ट छायाचित्रे घेतली तेव्हा तिथे एक साधी टेकडी निघाली.

माणसाच्या बाळाला चेहऱ्याची ओढ जन्मजात असते. १९७५ सालच्या एका अभ्यासात, जन्मून काही मिनिटेच झालेली बाळे चेहऱ्यासारख्या चित्रामागे डोळे फिरवताना आढळली. माकडांचेही तेच आहे. २०१७ साली अमेरिकेतील संशोधकांनी ऱ्हीसस माकडांना वस्तूंची चित्रे दाखवली, तर ज्या वस्तूंत चेहऱ्याचा भास होत होता, त्यांकडे ती जास्त वेळ बघत राहिली. माकडांना तर कुणी पोथी वाचून दाखवली नव्हती!

चेहरे पाहिल्यावर विशेष जागा होणारा एक भाग मेंदूच्या खालच्या अंगाला, कानांच्या मागच्या बाजूस असतो. नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली त्याचे वर्णन केले. त्यापुढची गोष्ट आम्हाला फार आवडली. अमेरिकेच्या एम.आय.टी. या संस्थेतील भारतीय वंशाचे प्राध्यापक पवन सिन्हा यांच्या गटाने २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी चित्रांची एक चढती रांग लावली: मुळीच चेहरा न वाटणारी, थोडी वाटणारी, बरीच वाटणारी आणि शेवटी खरे चेहरे. ही चित्रे पाहणाऱ्यांच्या मेंदूतला रक्तप्रवाह एम.आर.आय. यंत्रातून तपासला. डाव्या बाजूचा भाग चित्र जितके चेहऱ्यासारखे तितका अधिक सक्रिय होत गेला. उजव्या बाजूचा भाग मात्र खऱ्या चेहऱ्यांना ठळक प्रतिसाद देई, आणि नुसत्या सारखेपणाने फारसा हलत नसे.

आमच्यासारख्या कारकुनाला हे चटकन कळते. टेबलावरचा कारकून कागद तपासून टिपण लिहितो, इतके जुळते, इतके जुळत नाही. साहेब शेवटी एकच शेरा मारतो, मंजूर किंवा नामंजूर. डावी बाजू कारकुनाची, उजवी साहेबाची. प्रयोगात डाव्या बाजूची हालचाल उजवीच्या आधी नोंदली गेली, म्हणजे टिपण आधी आणि सही नंतर. (कचेरीत कधी कधी उलटे होते, तो भाग वेगळा!) म्हणूनच नारळात आपल्याला चेहरा दिसतो आणि तो चेहरा नाही हेही त्याच वेळी कळते.

मग दानपेटीपर्यंत मजल जाते कशी? २०१४ साली कॅनडा व चीनमधील संशोधकांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना नुसत्या करड्या ठिपक्यांच्या मुंग्या दाखवल्या आणि आधी सांगून ठेवले की यातल्या निम्म्या चित्रांत चेहरे आहेत. चेहरा एकाही चित्रात नव्हता. तरी सुमारे ३४ टक्के वेळा लोकांनी 'दिसला' असे सांगितले, आणि 'दिसला' म्हणताना उजव्या बाजूचाच तो भाग सक्रिय झाला. म्हणजे वरून फोन आला की साहेबही सही करतो! भिंतीपुढे गर्दी असते, ढोल वाजत असतो, जो तो 'दिसला का, दिसला का' विचारत असतो. हाच तो फोन.

इथे आपल्याच माणसांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. ओलीत देवी दिसली तर ती अंधश्रद्धा, आणि पिंपळाच्या खोडात किंवा विहाराच्या भिंतीवर भगवान बुद्धांचा चेहरा दिसला तर तो चमत्कार, असे होत नाही. डोळा तोच, मेंदू तोच.

यात हसण्यासारखे पुष्कळ असले तरी काही घरांत हा प्रकार गंभीर असतो. म्हातारी आजी गोधडीच्या घडीत, पडद्याच्या फुलांत पुन्हा पुन्हा माणसे बघते आणि ती भिंतीतली माणसे आहेत हे तिला पटत नाही, तेव्हा घरचे भगताकडे धावतात. लेवी बॉडी नावाच्या स्मृतिभ्रंशात असे भास फार होतात, हे जपानी डॉक्टरांनी २०१२ साली दाखवून दिले. याच्या उलटही घडते. १९४७ साली जर्मनीत बोडामर या डॉक्टरांनी डोक्याला जखम झालेल्या अशा माणसांची नोंद केली, ज्यांना दृष्टी असून चेहरे ओळखता येत नव्हते; त्यातल्या एका तरुणाला स्वतःचा चेहराही आरशात ओळखू येईना. अशा माणसाला घरचे घमेंडी तरी म्हणतात किंवा झपाटलेला. दोन्ही रोगी मेंदूच्या डॉक्टरांचे आहेत, उताऱ्याचे नव्हेत.

आणि लहान मुले. जन्मजात मोतीबिंदूमुळे अंध राहिलेल्या आपल्या देशातील मुलांवर 'प्रोजेक्ट प्रकाश' या उपक्रमात दिल्लीच्या डॉ. श्रॉफ नेत्र रुग्णालयात शस्त्रक्रिया होतात. हा उपक्रमही पवन सिन्हा यांचाच. अनेक वर्षे अंधारात काढलेल्या या मुलांना पट्टी सुटल्यावर चेहरा कोणता आणि नुसता चेहऱ्यासारखा आकार कोणता, हे सांगता येत नव्हते. पुढच्या काही महिन्यांत ते जमू लागले, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. तान्ह्या बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरट डाग दिसला, किंवा दोन-तीन महिन्यांचे झाले तरी ते आईच्या तोंडाकडे बघत नसेल, तर 'मोठे झाले की होईल नीट' म्हणून थांबू नये. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूचा समावेश आहे आणि उपचार विनामूल्य आहेत. अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात चौकशी करावी, आणि ती त्याच आठवड्यात करावी.