विश्लेषण : एक चित्र ‘दिसायला’ किती वेळ लागतो?

औंढा नागनाथला दर्शनाची रांग पुढे सरकत असते आणि मंदिराच्या भिंतीवरची शिल्पे मागे पडत असतात. कोणी फोन वर करतो, एक फोटो घेतो, पुढे जातो. मोठमोठ्या कलादालनांतही याहून फार वेगळे घडत नाही. म्हणूनच सावकाश पाहणे हा सध्याच्या कलाविश्वात चर्चेचा विषय झाला आहे.

लोक किती वेळ पाहतात?

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये संशोधकांनी हे चक्क मोजले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत एका कलाकृतीपुढे थांबण्याची सरासरी वेळ निघाली २७.२ सेकंद. तीही काही जण बराच वेळ रेंगाळले म्हणून. निम्मे प्रेक्षक १७ सेकंदांतच पुढे सरकले होते. तेव्हा स्मार्टफोन नव्हते, हे लक्षात ठेवलेले बरे. सगळा दोष फोनच्या माथी मारता येणार नाही.

यावर उतारा म्हणून अनेक देशांतील संग्रहालये दरवर्षी एप्रिलमध्ये ‘स्लो आर्ट डे’ पाळतात. मोजक्याच कलाकृती निवडायच्या, प्रत्येकीपुढे पाच-दहा मिनिटे थांबायचे आणि मग त्यावर एकमेकांशी बोलायचे.

जास्त वेळ पाहून काय मिळते?

हार्वर्डमधील कला-इतिहासाच्या प्राध्यापक जेनिफर रॉबर्ट्स विद्यार्थ्यांना एकाच चित्रापुढे तीन तास बसायला सांगतात. एक मुलगा आणि त्याची पाळीव उडणारी खार, असे कोपली या चित्रकाराचे १७६५ मधील चित्र आहे. मुलाच्या कानाचा आकार आणि खारीच्या पोटाजवळच्या केसांची कड यांतले साम्य लक्षात यायला रॉबर्ट्स यांना स्वतःला नऊ मिनिटे लागली. चित्र तेच होते, डोळा मात्र उशिरा पोहोचला.

गायतोंडेंचे नाव इथे का येते?

नागपूरला १९२४ मध्ये जन्मलेले वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पूर्ण करत. रंगाचा थर द्यायचा, रोलर किंवा पॅलेट नाइफने तो पसरायचा, खरवडायचा, पुन्हा थर द्यायचा. त्यांच्या चित्रात माणूस, झाड, घर असे ओळखण्याजोगे काहीच नसते. त्यामुळे १७ सेकंदांत तिथे ‘नुसता रंग’ दिसतो. थांबले, तर खालचे थर हळूहळू वर येऊ लागतात. मार्च २०२१ मध्ये त्यांचे १९६१ चे एक चित्र लिलावात ३९.९८ कोटी रुपयांना विकले गेले आणि बातमी आकड्याचीच झाली!

हिंगोलीच्या वाचकाची अडचण वेगळी आहे. ही मूळ चित्रे पाहायची तर मुंबई-दिल्ली गाठावी लागते आणि फोनच्या पडद्यावर नेमके ते थरच हरवतात.

मग जिल्ह्यात राहून काय पाहावे?

औंढ्याची भिंतच पाहावी. मंदिराचा खालचा, दाट कोरीवकामाचा दगडी भाग यादवकालीन आहे. वरचा भाग नंतरच्या जीर्णोद्धारातला. जुने काम कुठे संपते आणि नवे कुठे सुरू होते, ती रेषा कोणत्याही फलकाशिवाय नुसत्या डोळ्यांनी शोधता येते. दर्शन झाल्यावर दहा मिनिटे भिंतीच्या एकाच हातभर तुकड्यापुढे उभे राहून बघा. सबंध मंदिराला घाईघाईने फेरी मारण्यापेक्षा हे जास्त हाती लागेल, असे आमचे मत.

फोटो काढू नये असे नाही. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांच्या प्रयोगात, संग्रहालयातील संपूर्ण वस्तूचा फोटो काढणाऱ्यांना नुसते पाहणाऱ्यांपेक्षा कमी तपशील आठवले. मात्र एखाद्याच भागावर झूम करून फोटो काढणाऱ्यांच्या बाबतीत तशी घट दिसली नाही.

जायचे तर सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर जा. तिरप्या प्रकाशात कोरीवकामाची खोली उठून दिसते; भर दुपारी तीच भिंत सपाट वाटते.