सिलिंडर हेडचे बोल्ट आणि आवळण्याचे शास्त्र

इंजिनाचे काम निघाल्यावर उतरवलेले सिलिंडर हेड पुन्हा ब्लॉकवर बसवताना जे बोल्ट आवळले जातात, त्यांना सोसावा लागणारा भार सामान्य वाहनमालकाच्या कल्पनेपेक्षा कितीतरी मोठा असतो. 75 मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये ज्वलनाच्या क्षणी दाब 60 बारपर्यंत चढला, तर हेडला वर उचलू पाहणारे बल सुमारे 2,700 किलो वजनाइतके भरते. आणि मिनिटाला 3,000 फेरे घेणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये हा धक्का सेकंदाला 25 वेळा बसतो. तरीही हेड आणि ब्लॉक यांच्यामधील गॅस्केट, म्हणजे वायू, तेल व पाणी यांना आपापल्या वाटेवर ठेवणारा पातळ थर, कुठेही मोकळा पडता कामा नये.

हे साधते ते बोल्टच्या ताणामुळे. आवळताना पोलादी बोल्ट किंचित लांबतो आणि मूळ लांबीवर परतण्याच्या ओढीने, ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे, हेडला ब्लॉकवर दाबून धरतो. खरे महत्त्व या ताणाला आहे, परंतु गॅरेजमध्ये तो थेट मोजण्याची सोय सहसा नसते. मोजला जातो तो टॉर्क, म्हणजे पान्यावर लावलेले बल आणि बोल्टच्या मध्यापासूनचे त्याचे अंतर यांचा गुणाकार, जो न्यूटन-मीटरमध्ये सांगतात. अडचण अशी की, या टॉर्कपैकी साधारण निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखालील घर्षणात आणि सुमारे 40 टक्के आट्यांमधील घर्षणात खर्च होतो, त्यामुळे प्रत्यक्ष ताण निर्माण करण्यासाठी जेमतेम दहावा हिस्सा उरतो. आट्यांत गंज किंवा जुना कचरा असेल, तर पाना पूर्ण टॉर्क दाखवतो आणि बोल्ट मात्र सैलच राहतो. उलट कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क तेल लावलेल्या बोल्टला दिला, तर तो गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. अनुभवी मिस्त्रीच्या हाताच्या अंदाजाबद्दल आदर बाळगूनही हे सांगावे लागते की, हाताला जाणवतो तो एकूण विरोध, आणि त्यातले घर्षण किती व ताण किती हे कोणताही हात ओळखू शकत नाही.

म्हणूनच आटे साफ करणे आणि तेल लावावे की नाही याबाबत निर्मात्याची सूचना पाळणे हा आवळण्याचाच भाग मानला पाहिजे. ब्लॉकमधील तळ बंद असलेल्या भोकात तेल किंवा कूलंट साचलेले राहिले, तर द्रव दबत नसल्यामुळे खाली उतरणाऱ्या बोल्टच्या रेट्याने ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

क्रमालाही कारण आहे. एका कडेचे बोल्ट आधी पूर्ण आवळले, तर हेड तिरपे दबते आणि गॅस्केटवर असमान भार येतो. म्हणून बहुतेक इंजिनांत मधल्या बोल्टपासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूंना जातात, तेही दोन-तीन टप्प्यांत, आणि हेड उतरवताना सामान्यतः याच्या उलट क्रमाने बोल्ट सैल करतात.

आज अनेक इंजिनांत आधी थोडा टॉर्क देऊन नंतर बोल्ट ठरावीक अंशांतून, उदाहरणार्थ दोनदा 90 अंश, फिरवण्याची पद्धत आहे. आट्यांचे अंतर 1.25 मिलिमीटर असेल, तर पाव फेऱ्यात बोल्ट सुमारे 0.31 मिलिमीटर पुढे सरकतो आणि त्या सरकण्यावर घर्षणाचा परिणाम होत नाही, त्यामुळे सर्व बोल्टांचा ताण जवळपास सारखा येतो. यांपैकी काही बोल्ट मुद्दाम लवचीकतेच्या मर्यादेपलीकडे ताणले जातात. ते कायमचे लांबतात, आणि असे बोल्ट पुन्हा वापरण्याची काटकसर सरळसरळ चुकीची आहे.

टॉर्क पाना सावकाश, एकसारख्या ओढीने वापरावा, ‘टक्’ आवाज होताच थांबावे, त्याने जाम बोल्ट सोडवू नयेत आणि काम झाल्यावर त्याची स्प्रिंग सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवावी. गाडीचे हेड उतरवण्याची वेळ आली, तर त्या इंजिनासाठी ठरलेला टॉर्क, अंश आणि क्रम गॅरेजकडे आहेत का आणि बोल्ट नवे घालायचे आहेत का, हे मालकाने काम सुरू होण्यापूर्वीच विचारून घ्यावे.