उताऱ्याचा पंचनामा



नागपूरकराला 'उतारा' हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. क्विंटलभर कापूस जिनात घातला म्हणजे रुई किती निघाली, हा प्रश्न या भागात पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आहे. तोच प्रश्न साखर कारखान्यात उसाविषयी विचारतात. शंभर टन ऊस गाळून अकरा टन साखर पोत्यांत भरली, तर उतारा 11 टक्के. हिशेब शाळेतल्या पोरालाही यावा असा आहे. पण हाच आकडा अपेक्षेपेक्षा खाली आला म्हणजे कारखान्यात कोणाची तरी मान शोधण्यास सुरुवात होते. आम्हांला आज सांगायचे आहे ते इतकेच की, माणसाला धरण्यापूर्वी आकडा तपासावा; आणि तो तपासण्याला एक क्रम आहे.

आकड्याचे मोल काय, ते आधी पाहू. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये रास्त व किफायतशीर दर ठरविला. उतारा 0.1 टक्क्याने वाढला तर 3.46 रुपये जास्त, घटला तर तितकेच कमी; 9.5 टक्क्यांच्या खाली मात्र कपात नाही. म्हणजे 10.25 च्या जागी 9.75 धरले गेले, तर टनामागे 173 रुपये गेले. पन्नास टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याचे 8,650 रुपये झाले. एकीकडे शेतकऱ्याचे हे पैसे, दुसरीकडे कामगाराच्या हाती पडणारे खुलाशाचे पत्र. दोन्ही त्या एका आकड्यावर अवलंबून.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात मार्च महिन्यात उतारा एकाएकी घसरला. चार पॅनमनना पत्रे मिळाली की, तुमच्या हलगर्जीपणामुळे साखर मळीत जात आहे. ते आमच्याकडे आले. आम्ही काही रसायनशास्त्र शिकलेले नव्हे. पण कारखान्याची वही वाचण्यास शिकलो होतो. ती वही कशी वाचावी तेच सांगतो.

समजा, उसात शंभराला 13 भाग साखर आहे. ती सारी पोत्यात येत नाही. चिपाड उसाच्या सुमारे 30 टक्के निघते आणि त्यात 2 टक्के साखर राहते, म्हणजे 0.6 भाग गेला. रस निवळताना निघणाऱ्या प्रेसमडमध्ये 0.07 भागाच्या आसपास जातो. शेवटच्या मळीत सर्वांत मोठा वाटा, सुमारे 1.35. आणि हिशेब न लागणारी गळती 0.15 धरा. बेरीज 2.17; पोत्यात आले 10.83. उतारा घसरला म्हणजे एक तर मुळातले 13 कमी झाले, किंवा या चार वाटांपैकी एक रुंद झाली, किंवा मोजण्यातच चूक झाली. याखेरीज आणखी एकच शक्यता, ती पुढे येईल.

पहिली तपासणी मापाची. वजनकाटा बरोबर आहे काय? नमुना कोठून घेतला? पहिल्या चरकाचा रस गोड, शेवटच्या चरकाचा पाणचट. त्यांतील एकाच भांड्याचा नमुना घेऊन सबंध उसाविषयी बोलता येत नाही. मग ब्रिक्सचे माप. रसात सोडलेली ही काचेची नळी तापमानाची गुलाम असते. 20 अंशांसाठी आखलेले माप 30 अंशांच्या रसात सोडले, तर ते अर्धा ते पाऊण अंश कमी दाखविते. दुरुस्ती करावयास विसरले की, रस जागेवर असून तो कमी झाला असे कागदावर उमटते. शिवाय ब्रिक्स म्हणजे साखर नव्हे. रसात विरघळलेले सारेच पदार्थ त्यात येतात. साखर दाखविते ते पोलचे माप. शंभर भाग ब्रिक्समध्ये पोल किती, त्याला शुद्धता म्हणतात. ही शुद्धता ज्याने पाहिली नाही त्याने उताऱ्यावर बोलू नये.

ही अडचण एकट्या साखरेची नाही. युरोप-अमेरिकेत पुष्कळ लोक हौसेने घरी बार्लीची बिअर करतात. भरडलेले माल्ट सुमारे 65 अंशांच्या पाण्यात भिजत ठेवतात, म्हणजे पिठुळाची साखर होते. आणि अशाच काचेच्या मापाने ती मोजतात. शंभरात पंचाहत्तर भाग साखर उतरेल असे धरावे आणि हाती साठच यावेत, ही त्यांची नित्याची तक्रार. बऱ्याचदा चूक मोजण्यात निघते: रस न ढवळता नमुना घेतला, किंवा गरम रसात माप सोडले. माप निर्दोष ठरले, की मग भरड जाड राहिली काय हे पाहतात. हौशी माणसाला स्वतःलाच दोष द्यायचा असतो, म्हणून तो आधी माप तपासतो. दुसऱ्याला दोष द्यायचा असला म्हणजे आपल्याला तेवढी सवड राहत नाही.

दुसरी तपासणी शिल्लक मालाची. मघा राहिलेली शक्यता ती हीच. हंगामाच्या आरंभी टाक्या, पॅन, सारे रिकामे असते. ऊस गाळला जातो, पण साखर यंत्रांतच मुरते. पोती भरत नाहीत. म्हणून रोजचा उतारा अडाणी असतो; चालू मालाचा अंदाज धरल्यावाचून त्याला अर्थ नाही. आता आणखी एक गोष्ट आली आहे. कारखाने रस किंवा साखरयुक्त बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळवितात. ती साखर पोत्यात दिसणार नाही, हे उघड आहे. ती हिशेबात परत मिळविल्याशिवाय मागच्या वर्षांशी तुलना करणे म्हणजे अर्धी भाकर झाकून पोट का भरले नाही असे विचारणे होय.

तिसरी तपासणी उसाची. पाचट आणि वाढे मोळीत राहिले आणि त्यांचे वजन शंभरात पाच असले, तर 11 चा उतारा 10.45 दिसतो, साखर कोठेच गेलेली नसते. शिळा ऊस मात्र खरोखरीच साखर खातो. तोडल्यानंतर उसातील साखर फुटू लागते आणि तिची अशी शर्करा होते की, जिचे दाणे पडत नाहीत. ब्रिक्स जागेवर राहतो, शुद्धता उतरते. उन्हाळ्यात हे झपाट्याने होते, म्हणून चोवीस तासांत ऊस चरकात गेला पाहिजे. काट्याआधी ऊस सुकला तर शेतकऱ्याचे वजन जाते; काट्यानंतर वाळत पडला तर उतारा जातो.

येथवर सारे निर्दोष ठरले तर चौथी तपासणी, यंत्राची आणि हातांची. चिपाडातील साखर 2 टक्क्यांवरून 3 वर गेली, तर 0.3 भाग तेथेच गेला. चरकाचा दाब आणि चिपाडावर सोडायचे पाणी पाहावे. मळीची शुद्धता वाढली, तर पॅन आणि सेंट्रिफ्युगल पाहावे.

त्या चार पॅनमनच्या बाबतीत आम्ही हेच केले. त्यांनी चूक केली असती तर मळीची शुद्धता चढावयास हवी होती. ती जागेवर होती. चिपाडही ठीक. पण पहिल्या रसाची शुद्धताच त्या पंधरवड्यात खाली आली होती. म्हणजे पॅनपर्यंत पोचण्यापूर्वीच साखर गेलेली. गव्हाणीजवळची नोंदवही मागितली, तेव्हा कळले की चरक वारंवार बंद पडत होता आणि उसाच्या गाड्या तीन-तीन दिवस उन्हात उभ्या होत्या. पत्रे मागे घेतली गेली.

पण गोष्ट येथे संपविली तर ती अर्धीच होईल. दोन हंगामांनंतर उतारा पुन्हा घसरला. आम्ही त्याच क्रमाने वही वाचली. माप ठीक, ऊस ताजा. रात्रपाळीच्या चिपाडात मात्र साखर जास्त. पुढे रस आटविण्याचे काम वाढू नये म्हणून चिपाडावरील पाण्याचा कॉक कोणी तरी मिटत होते. तो आमचाच सभासद निघाला. त्याला आम्ही समोर बसविले आणि चूक कबूल करावयास लावली. शिक्षा कमी व्हावी म्हणून भांडलो, पण आकडा खोटा आहे असे म्हटले नाही. जी वही चौघांना सोडविण्यासाठी आम्ही उघडली, ती पाचव्यासाठी मिटून घेता आली नसती.

तात्पर्य, आधी माप, मग शिल्लक, मग माल, मग यंत्र आणि सर्वांत शेवटी माणूस. हा क्रम उलटा लावला तर निरपराध माणूस सापडतो आणि गळती तशीच राहते. शेतकऱ्यांनी आणि कामगारांनी ही वही मागावी आणि वाचावयास शिकावे. ती वाचण्यास पदवी लागत नाही. बेरीज, वजाबाकी आणि थोडा धीर लागतो.