जुनी लेथ : स्वस्तात घ्या, पण पारखून घ्या

सुगी आटोपली, कापूस वेचून झाला, की घरातल्या एकदोन माणसांचे हात मोकळे होतात. परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर झरी गाव आहे. या भागात बाभळीचे आणि कडुनिंबाचे लाकूड कुणाला नवे नाही. बहुतेक लाकूड चुलीत जाते. त्यातलेच निवडक, वाळलेले लाकूड लेथवर कातले तर बाजेचे पाय, पाळण्याचे दांडे, लाटणी, रवी, विळ्या-खुरप्यांच्या मुठी तयार होतात. गावोगावच्या बाजारात या वस्तूंना गिऱ्हाईक असते. कोकणात सावंतवाडीला आणि कर्नाटकात चन्नपट्टणला कातकामाच्या खेळण्यांवर कित्येक घरे चालत आली आहेत.

नवे यंत्र परवडत नाही, म्हणून लोक जुन्याकडे वळतात. त्यात गैर काही नाही. मात्र एक हिशेब आधी मांडावा. हातात असतील तेवढे सगळे पैसे यंत्रावर घालू नयेत. निदान तिसरा हिस्सा पाया, स्टार्टर आणि पट्ट्यावरचे झाकण यांसाठी राखून ठेवावा. एवढे करूनही जे यंत्र परवडते, तेच खरे स्वस्त.

घेताना काय पाहावे?

भंगारात लोखंड कातायच्या लेथही असतात. आपल्याला लाकडाची हवी. तिच्यात पटाशी हातात धरून टूल-रेस्टवर टेकवतात. जाताना एखादा जाणता फिटर किंवा सुतार बरोबर न्यावा.

टेलस्टॉक सरकवून हेडस्टॉकजवळ आणावा. दोन्ही टोके समोरासमोर जुळली पाहिजेत. ती जुळत नसतील तर बेड वाकलेला असू शकतो. मग स्पिंडल दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवून पाहावा. खेळ जाणवला किंवा फिरवताना खरखर ऐकू आली, तर बेअरिंग गेले असे समजावे. बेअरिंग बदलता येते, तेवढी किंमत कमी करून मागावी. पण बिडाच्या अंगाला तडा असेल, किंवा तडा जोडून वर रंग फासला असेल, तर ते यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये.

पाया आणि जागा

आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसते लाकडी घोडे ठेवून यंत्र बसवले तर वर्षभरात ते कलते आणि थरथरू लागते. म्हणून काळी माती काढून टाकावी, मुरूम भरून चांगला ठोकावा आणि वर काँक्रीट घालून त्यात बोल्ट पुरावेत. यंत्र पाणसळीने सपाट करावे. स्पिंडल आपल्या कोपराच्या उंचीला यावा, म्हणजे पाठ दुखत नाही. जागा उजेडाची असावी आणि पोरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर नसावी.

वेगाचा हिशेब

बाजारात मिळणारी साधी मोटर बहुधा मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते. मोटरवर ३ इंची आणि स्पिंडलवर ६ इंची पुली बसवली तर स्पिंडलचे ७२० फेरे होतात. लाकडाची जाडी इंचात घेऊन तिला फेऱ्यांनी गुणावे. गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान राहिला तर वेग बेताचा समजावा. ९ इंची पोळपाटाला ७२० फेरे चालतात. ओबडधोबड ओंडका मात्र आधी याहून सावकाश फिरवून गोल करावा.

विजेचा धोका

वीज गेली, आपण लाकूड सारखे करायला हात घातला आणि तेवढ्यात वीज आली, तर काय होईल? यासाठी नो-व्होल्ट कॉईलचा स्टार्टर लावावा. वीज गेली की तो सुटतो आणि बटण दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. विहिरीच्या मोटरीला पुष्कळजण ‘ऑटो’ लावतात. तो लेथला कधीही लावू नये. मोटर आणि लोखंडी सांगाडा, दोन्हींना अर्थिंग करावे. शेतीपंपाच्या जोडणीवर लेथ चालवू नये. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

चालवताना

मळणीयंत्रात हात जाऊ नयेत म्हणून केंद्र सरकारने १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा केला. घरच्या लेथवर देखरेख ठेवायला कुणी येत नाही. ती आपणच ठेवायची.

धोतराचा सोगा, उपरणे, साडीचा पदर, मोकळी वेणी, बांगड्या, अंगठी यांतले काहीही फिरत्या लाकडाजवळ नको. हातमोजेही घालू नयेत, ते लाकडात ओढले जातात. तोंडावर पारदर्शक ढाल आणि नाकाला फडके असावे. गाठ, तडा किंवा खिळा असलेले लाकूड चढवू नये. टूल-रेस्ट लाकडाच्या अगदी जवळ घ्यावी आणि लाकूड एकदा हाताने पूर्ण फिरवून पाहावे. मग बाजूला उभे राहून बटण दाबावे. लाकडाची वरची बाजू आपल्याकडे येत खाली उतरली पाहिजे. टूल-रेस्ट सरकवायची तर आधी यंत्र थांबवावे. पॉलिशकागद मारताना ती काढूनच ठेवावी.

गावात जुन्या कानशीच्या पटाश्या करून मिळतात. कानस कडक पण ठिसूळ असते. लाकडात अडकली की तुटून अंगावर उडते. हत्यार लेथसाठी बनवलेलेच घ्यावे.

पहिला महिना लाटण्याच्या जाडीचेच काम करावे. हात बसला की पोळपाट, मग बाजेचे पाय. यंत्र आज ना उद्या पैसे फेडील. ज्या हातांनी पेरणी करायची, ते हात मात्र कुठल्याही भंगार बाजारात मिळत नाहीत.