चुकीच्या पर्यायांचा अभ्यास

पुणे-अहिल्यानगर रस्त्यालगत, मुळा-मुठेच्या काठी वसलेले हवेली तालुक्यातील खराडी हे गाव गेल्या शतकाच्या अखेरीस महापालिकेच्या हद्दीत आले, आणि त्यानंतर त्याच्या शेतजमिनीवर ईऑन, वर्ल्ड ट्रेड सेंटर यांसारखी उत्तुंग कार्यालय-संकुले उभी राहिली. रात्रपाळीला बसून युरोप-अमेरिकेतील संगणकजाळ्यांवर देखरेख ठेवणारा जो तरुणवर्ग आज खराडी-चंदननगरच्या पीजींत आणि भाड्याच्या सदनिकांत राहतो, त्यातील अनेकांना सिस्को या अमेरिकी कंपनीची ‘सीसीएनए’ ही परीक्षा नोकरीतील पहिल्या बढतीची पायरी वाटते. १९८४ साली स्थापन झालेल्या या कंपनीने ती १९९८ मध्ये सुरू केली, आणि २४ फेब्रुवारी २०२० पासून ती नव्या स्वरूपात घेतली जाते. मुदत दोन तासांची, शुल्क ३०० डॉलर, आणि उत्तीर्ण होणाऱ्यास मिळणारी सनद तीन वर्षांपुरती. एकदा दिलेल्या उत्तराकडे मागे वळून ते बदलण्याची सोय या परीक्षेत नाही. त्यामुळे प्रश्न पहिल्याच वाचनात नीट समजून घेण्याची सवय ज्याने लावून घेतलेली नाही, त्याची तेथे फार ओढाताण होते.

ही सवय लावून घेण्याचे साधन म्हणजे सराव-प्रश्न. ते सोडविण्याची रूढ रीत अशी, की प्रश्न वाचावा, चारांपैकी एक पर्याय निवडावा, शेवटच्या पानावरील उत्तराशी तो ताडून पाहावा, आणि चुकला असल्यास बरोबर अक्षर ध्यानात ठेवून पुढे जावे. या रीतीने एका बैठकीत प्रश्नांचा मोठा फडशा पडतो खरा; परंतु त्या श्रमाचा बराचसा भाग माझ्या मते फुकट जातो, कारण प्रश्नकर्त्याचे सारे कसब चुकीच्या पर्यायांत साठविलेले असते. त्यांतील प्रत्येक पर्याय हा शिकणाऱ्याच्या मनात संभवणाऱ्या एखाद्या विशिष्ट गैरसमजाला अनुसरून रचलेला असतो, आणि तो पर्याय कोणत्या परिस्थितीत खरा ठरला असता हे सांगता आल्याखेरीज तो प्रश्न आपण सोडविला असे म्हणता येत नाही.

एक उदाहरण सविस्तर पाहू. एका कार्यालयातील संगणकाला १९२.१६८.१०.१२६ हा पत्ता दिलेला आहे, त्याचा सबनेट मास्क /२६ आहे, आणि बाहेर जाण्यासाठी गेटवे म्हणून १९२.१६८.१०.१३० हा पत्ता नोंदविलेला आहे. शेजारच्या टेबलावरील संगणकाशी त्याचा संपर्क सुरळीत होतो, पण बाहेरचा कोणताही संगणक, अंकी पत्ता दिला तरी, त्याला सापडत नाही. कारण कोणते? केबल तुटली आहे. नावावरून अंकी पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा बंद आहे. हाच पत्ता दुसऱ्या एखाद्या संगणकालाही दिला गेला आहे. अथवा गेटवे या संगणकाच्या सबनेटबाहेर आहे.

केबल तुटली असती, तर शेजाऱ्याशीही बोलणे झाले नसते. डीएनएस बंद असती, तर नावाने केलेली विचारणा फसली असती, पण अंकी पत्त्याने काम भागले असते. प्रश्नातील ‘अंकी पत्ता दिला तरी’ हे शब्द या एका पर्यायाचा निकाल लावण्यासाठीच घातलेले आहेत. पत्ता दोघांना दिला गेला असता, तर शेजाऱ्याशी होणारा व्यवहारही अधूनमधून खंडित झाला असता. उरला चौथा पर्याय; परंतु केवळ उरला म्हणून तो न स्वीकारता त्याचा स्वतंत्र पुरावा मागितला पाहिजे.

तो पुरावा गणिताचा आहे, आणि ज्याने सातबारा पाहिलेला आहे त्याला तो अवघड वाटू नये. खराडीतील कित्येक कार्यालयांच्या पत्त्यांत आजही जुना सर्व्हे नंबर आणि त्याचा पोटहिस्सा लिहिलेला आढळतो. एका सर्व्हे नंबराची वाटणी होऊन जसे पोटहिस्से पडतात आणि प्रत्येकाची हद्द ठरते, तशीच पत्त्यांच्या एका सलग गटाची वाटणी करून सबनेट पाडले जातात. पत्ता ३२ बिटांचा असतो. /२६ याचा अर्थ असा, की त्यांतील पहिले २६ बिट हिश्श्याची ओळख पटविण्याकडे लागले आणि उरलेले सहा हिश्श्याच्या आतील यंत्रांसाठी राहिले. सहा बिटांत ६४ पत्ते बसतात. म्हणून २५६ पत्त्यांच्या मूळ गटाचे चार हिस्से पडतात, ० ते ६३, ६४ ते १२७, १२८ ते १९१ आणि १९२ ते २५५. प्रत्येक हिश्श्यातील पहिला पत्ता त्या हिश्श्याच्या नावासाठी आणि शेवटचा सर्वांना एकदम निरोप पोचविण्यासाठी राखून ठेवतात, म्हणून प्रत्यक्ष यंत्रांना ६२ पत्तेच मिळतात. आपला संगणक १२६ वर, म्हणजे दुसऱ्या हिश्श्यात; गेटवे १३० वर, म्हणजे तिसऱ्या हिश्श्यात. बाहेर पडण्याची वाटच बांधापलीकडे राहिली.

येथे उत्तर मिळाले, पण प्रश्न संपला नाही. मास्क /२६ ऐवजी /२४ असता, तर दोन्ही पत्ते एकाच हिश्श्यात आले असते आणि तक्रार उद्भवली नसती. संगणकाचा पत्ता १२६ ऐवजी १२७ असता, तर तो सर्वांना निरोप देण्यासाठी राखलेला असल्यामुळे यंत्राला देताच आला नसता. मास्क /२५ असता तर? वाटणी ० ते १२७ आणि १२८ ते २५५ अशी झाली असती, आणि अडचण जशीच्या तशी राहिली असती. एका प्रश्नातून असे तीन प्रश्न स्वतः निर्माण करणारा विद्यार्थी थोडेच प्रश्न सोडवितो, पण त्याला मी उत्तम विद्यार्थी समजतो.

या हिशेबाला परीक्षेत एवढे महत्त्व का, याचेही कारण आहे. आयपी या इंटरनेट-संकेताच्या १९८१ साली निश्चित झालेल्या चौथ्या आवृत्तीत सुमारे ४२९ कोटी पत्ते बसत होते, आणि ते संस्थांना प्रामुख्याने तीन ठरावीक मापांच्या गटांत वाटले जात: एक कोटी ६७ लाखांहून अधिक, ६५ हजारांहून अधिक, किंवा अवघे २५६. ज्याला दोन हजार हवेत त्याला मधले माप घ्यावे लागे आणि बाकीचे पडीक राहत. ही नासाडी थांबविण्यासाठी १९९३ मध्ये वाटेल त्या बिटावर रेघ ओढून गट वाटण्याची, म्हणजे /२६ सारख्या खुणेने हद्द ठरविण्याची, पद्धत आली. १९९६ च्या एका दस्तऐवजाने १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांसह काही गट खासगी वापरासाठी कायम राखले. तरीही ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे गट वाटून संपले.

दुसरा एक प्रश्न थोडक्यात सांगतो, कारण त्यातील सापळा फार मार्मिक आहे. राउटरच्या तक्त्यात १०.१.०.०/१६ कडे जाणारा मार्ग माणसाने हाताने लिहिलेला आहे, आणि १०.१.५.०/२४ कडे जाणारा मार्ग ओएसपीएफ या प्रणालीने शोधलेला आहे. १०.१.५.२० साठी आलेले पाकीट कोणत्या मार्गाने जाईल? हाताने लिहिलेल्या मार्गाची विश्वासार्हता १ आणि ओएसपीएफची ११०, व लहान आकडा श्रेष्ठ, हे पाठ केलेला विद्यार्थी तत्काळ पहिला मार्ग निवडतो आणि चुकतो. विश्वासार्हतेची तुलना एकाच हद्दीकडे जाणाऱ्या दोन मार्गांत होते. हद्दी भिन्न असतील, तर पत्त्याशी अधिक बिटांपर्यंत जुळणारा मार्ग आधी पाहिला जातो, म्हणून पाकीट ओएसपीएफच्या मार्गाने जाते. चुकीचे उत्तर देणाऱ्याला नियम येत नव्हता असे नव्हे. तो नियम कोणत्या पायरीवर लागू होतो एवढेच त्याला ठाऊक नव्हते, आणि ही उणीव सराव-प्रश्नावाचून सहसा उघडकीस येत नाही.

अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसून आले, की एखादा उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे असतात, पण आठवडाभराने तोच उतारा न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी त्यांना मागे टाकतात. म्हणून प्रश्नाखालचे पर्याय प्रथम झाकून ठेवावेत, स्वतःचे उत्तर कागदावर लिहावे, आणि मगच पर्याय उघडावेत. प्रश्न इंग्रजीत असल्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींनी तर तो आपल्या शब्दांत, मराठीत, एका ओळीत मांडून पाहावा. ‘कोणते दोन’, ‘कोणता नाही’, ‘सर्वप्रथम काय’ यांसारखे शब्द घाईत निसटतात, आणि तेथे गमावलेल्या गुणांचा संबंध ज्ञानाशी नसतो.

खऱ्या परीक्षेतून चोरून आणलेल्या प्रश्नांचे संच, ज्यांना मुले ‘डम्प’ म्हणतात, ते मात्र मनापासून वर्ज्य मानावेत. परीक्षार्थी गोपनीयतेच्या करारावर संमती देतो आणि त्याचा भंग झाल्यास सनद रद्द होऊ शकते, ही गोष्ट झालीच. पण अधिक मोठे नुकसान असे, की अशा संचांतील उत्तरे अनेकदा चुकीची असतात, आणि त्यांना कारणे तर जवळजवळ कधीच जोडलेली नसतात. ज्या गोष्टीसाठी प्रश्न सोडवायचा तीच त्यांत गैरहजर असते.

कारण पडताळून पाहण्यासाठी सिस्कोचेच ‘पॅकेट ट्रेसर’ हा आज्ञासंच विनामूल्य मिळतो. वर सांगितलेला मार्गांचा प्रश्न त्यात तासाभरात उभा करता येतो. तीन राउटर मांडावेत, हाताने लिहिलेला व शोधलेला असे दोन्ही मार्ग एका राउटरच्या तक्त्यात आणावेत, आणि पाकीट कोणत्या वाटेने जाते ते पाहावे. मग ओएसपीएफ बंद करावे. २४ बिटांचा मार्ग तक्त्यातून नाहीसा होतो आणि तेच पाकीट हाताने लिहिलेल्या १६ बिटांच्या मार्गाने वळते. शेवटी हाताने लिहिलेला मार्गही /२४ असा करावा आणि ओएसपीएफ पुन्हा सुरू करावे. आता हद्दी समान झाल्यामुळे १ आणि ११० यांची तुलना खरोखर होते, आणि विद्यार्थ्याने आरंभी दिलेले चुकीचे उत्तर या वेळी बरोबर ठरते.