नेमबाजीची ओळख, लेखांक ६ : स्कोप घेताना आणि बसवताना

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळवलं. टीव्हीवर त्याच्या रायफलीवर, डोळ्याच्या अगदी पुढ्यात, एक काळा गोल भाग दिसत होता. ती दुर्बीण आहे असा समज अनेकांचा झाला. आता मुलाला नेमबाजी शिकवायची म्हणून चौकशीला येणारे पालक रायफलीच्या आधी स्कोपबद्दल विचारतात. म्हणून आधी एवढं स्पष्ट करतो: ती दुर्बीण नव्हती. ती पीप साइट. डोळ्याजवळ एक बारीक छिद्र, नळीच्या टोकाला एक कडं आणि पलीकडे लक्ष्याचा काळा गोल, अशी वर्तुळं एकात एक मध्यावर आणायची. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत लक्ष्य मोठं करून दाखवणाऱ्या साइटला परवानगीच नाही. तुमच्या मुलीला किंवा मुलाला १० मीटरच्या स्पर्धेत उतरायचं असेल तर स्कोपवर एक रुपयाही खर्च करू नका. ते पैसे जॅकेटसाठी आणि छर्‍यांसाठी ठेवा.

मग स्कोप कोणासाठी? सर्वांत मोठा फायदा चाळिशी लागलेल्यांना. साध्या साइटनं नेम धरताना मागची खाच, पुढचा खांब आणि लक्ष्य या तीन वेगवेगळ्या अंतरांवरच्या गोष्टी एकाच वेळी स्पष्ट दिसाव्या लागतात. तरुण डोळा ही कसरत निभावून नेतो, पन्नाशीतल्या डोळ्याला ते जमत नाही. स्कोपमध्ये क्रॉस (नेमाच्या उभ्या-आडव्या रेघा) आणि लक्ष्य एकाच प्रतलात येतात, डोळ्याला एकाच ठिकाणी पाहावं लागतं. माझ्या मते स्कोपचं खरं काम हेच आहे, मोठं दाखवणं हा त्यानंतरचा फायदा. याशिवाय इंग्लंडमध्ये १९८० साली सुरू झालेला फील्ड टार्गेट हा एअर रायफलचा खेळ आहे. साधारण ८ ते ५० मीटरवरच्या धातूच्या पट्ट्या छर्‍यानं पाडायच्या, आणि प्रत्येक पट्टीचं अंतर नेमबाजानं स्वतः ओळखायचं. तो खेळ सगळा स्कोपवरच चालतो.

या लेखात ज्या रायफलीचा विचार केला आहे ती ४.५ मिमीची, स्प्रिंगवर चालणारी, नळी मोडून छर्रा भरायची एअर रायफल. २० ज्यूलच्या आतल्या अशा रायफलीला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. मात्र परवाना लागत नाही याचा अर्थ कुठेही आणि कशावरही झाडता येते असा नाही. पक्ष्यांवर छर्रा चालवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि स्कोप लावल्यावर हा मोह वाढतो हे मी पाहिलं आहे. घरात मुलांच्या हाती रायफल देण्याआधी हे त्यांना बजावून सांगा.

दुकानात गेलात की खोक्यावर ३-९×४० असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. म्हणजे लक्ष्य ३ ते ९ पट मोठं दिसेल आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिमी आहे. भिंगाच्या व्यासाला पटींनी भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते: ३ पटींवर १३ मिमी, ९ पटींवर साडेचार मिमीपेक्षा किंचित कमी. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिमीच उघडी असते, म्हणजे दिवसा ४० मिमीचं भिंग पुरून उरतं. ५० मिमीचं घेतलंत तर वजन वाढतं, स्कोप उंच बसवावा लागतो, आणि १०-२५ मीटरच्या नेमबाजीत त्याचा काही उपयोग होत नाही. पटींचंही तसंच. १२ किंवा १६ पटींवर लक्ष्याबरोबर हाताची थरथरही तितक्याच पटींनी मोठी दिसते. नवखा माणूस ती थांबवायच्या प्रयत्नात ट्रिगरला झटका देतो. शिकण्यासाठी ४ पट पुरे, ३-९ घेतलात तरी पहिले काही महिने ४ वर ठेवा.

आता ज्या गोष्टीकडे दुकानदारही सहसा लक्ष वेधत नाही तिच्याकडे येऊ. हाताचा अंगठा खिडकीच्या गजासमोर धरा आणि एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटा. अंगठा गजापासून सरकल्यासारखा दिसतो. स्कोपमध्ये लक्ष्याची प्रतिमा आणि क्रॉस एकाच प्रतलात नसतील तर नेमकं हेच होतं: डोळा मध्यापासून थोडा हलला की क्रॉस लक्ष्यावरून सरकतो. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. प्रत्येक स्कोप कारखान्यात एका ठरावीक अंतरासाठी जुळवलेला असतो, त्या अंतरावर हा दोष राहत नाही. मोठ्या रायफलींचे स्कोप बहुधा १०० यार्डांना, म्हणजे ९१ मीटरला जुळवलेले असतात. असा ४० मिमीचा स्कोप तुम्ही १० मीटरवर वापरलात तर डोळा कडेला गेल्यावर नेम जास्तीत जास्त किती चुकेल? भिंगाच्या व्यासाचं अर्ध २० मिमी, त्याला ८१ नं गुणून ९१ नं भागायचं. उत्तर जवळजवळ १८ मिमी. १० मीटरच्या कार्डावर दहाचा ठिपका अर्ध्या मिमीचा असतो आणि नऊचं वर्तुळ साडेपाच मिमीचं! रायफल कितीही स्थिर धरली तरी गाल किंचित वेगळ्या जागी टेकला की छर्रा नवाच्याही कितीतरी बाहेर जाऊ शकतो, आणि आपण खापर फोडतो छर्‍यांवर.

म्हणून एअर रायफलसाठी स्कोप घेताना पहिला प्रश्न पटींचा विचारू नका, हा विचारा: पॅरॅलॅक्स १० मीटरपर्यंत खाली आणता येतो का? ज्यांच्यात येतो त्यांच्या पुढच्या भिंगाभोवती फिरणारं कडं असतं किंवा डाव्या बाजूला एक चकती असते. तिच्यावरच्या आकड्यांवर फार विश्वास ठेवू नका. रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवा, हात न लावता स्कोपमधून पाहा आणि डोकं हळूहळू वरखाली, डावीउजवीकडे हलवा. क्रॉस लक्ष्यावर चिकटून राहिला की अंतर जुळलं. तिथे पांढऱ्या रंगाची बारीक खूण करून ठेवा. ही तपासणी दुकानातच रस्त्यापलीकडच्या पाटीवर करता येते, पण रायफलीशिवाय, सुटा स्कोप कशावर तरी स्थिर टेकवून.

दुसरा प्रश्न धक्क्याचा. काडतुसाच्या रायफलीचा धक्का एकाच दिशेला, मागे येतो. स्प्रिंगच्या रायफलीत तसं नसतं. ट्रिगर दाबला की स्प्रिंग पिस्टनला पुढे फेकते, त्यामुळे रायफल मागे येते. क्षणार्धात पिस्टन पुढच्या दाबलेल्या हवेवर आदळून थांबतो, आणि रायफल झटक्यानं पुढे जाते. हा दुसरा झटका जास्त तीव्र असतो. बंदुकीसाठी बनवलेला चांगला, महाग स्कोपसुद्धा या उलट्या झटक्यानं आतून खिळखिळा होतो, कारण त्याची भिंगं फक्त मागच्या धक्क्यासाठी आवळलेली असतात. खोक्यावर एअरगनसाठी योग्य असल्याचं लिहिलेलं असायलाच हवं. नाव किती मोठं आहे याला इथे महत्त्व नाही.

आपल्याकडच्या हवेचाही विचार करा. थंडीपावसात स्कोप आतून धुकटू नये म्हणून त्यात नायट्रोजन भरण्याची सुरुवात अमेरिकेतल्या ल्युपोल्ड कंपनीनं १९४७ साली केली. आज साध्या स्कोपवरही तसा उल्लेख असतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यात स्कोप फोमच्या बंद पेटीत ठेवू नका. मोकळ्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

स्कोपवर भरपूर पैसे घालून तो रायफलीवर धरणारा माउंट मात्र हाताला लागेल तो उचलायचा, ही सर्रास दिसणारी गोष्ट. माझ्या मते हा हिशेब उलटा हवा. स्कोप थोडा साधा चालेल, पण माउंट दणकट हवा. बहुतेक एअर रायफलींवर ११ मिमीची कोरलेली खाच असते, तर मोठ्या रायफलींवर २१ मिमीच्या आसपासची पिकॅटिनी रेल. एकाचा माउंट दुसरीवर बसत नाही. नळीची जाडीही पाहा: १ इंचाच्या स्कोपला ३० मिमीच्या रिंगा चालणार नाहीत. स्प्रिंगच्या रायफलीला दोन सुट्या रिंगांपेक्षा अखंड, एकाच तुकड्याचा माउंट घ्या, आणि त्याला खाली स्टॉप पिन हवीच. मघाचा पुढचा झटका आठवा. रायफल पुढे जाते, स्कोप आपल्या जागी राहू पाहतो, म्हणजे खाचेवर तो मागे सरकतो. जुन्या रायफलीच्या खाचेवर माउंटच्या पुढे काळा रंग खरवडून निघालेली चकचकीत रेघ दिसली तर समजा, स्कोप तेवढा मागे घसरला आहे. रायफलीच्या वरच्या अंगाला छोटं भोक असतं ते या पिनेसाठी.

बसवताना घाई नको. रायफल रिकामी आहे याची खात्री करा, नळी मोडून आत पाहा. खाच आणि रिंगा स्पिरिटनं पुसून कोरड्या करा, तेलाचा अंश राहिला तर पकड सुटते. माउंट आवळला की स्कोप रिंगांत सैलसर ठेवा आणि डोळे मिटून रायफल नेहमीसारखी खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. पूर्ण वर्तुळ दिसलं पाहिजे, कडेला काळी सावली नको. सावली दिसली तर मान ताणू नका, स्कोप मागेपुढे सरकवा. डोळा आणि भिंग यांत साधारण ७५ ते १०० मिमी अंतर राहतं. स्कोप शक्य तितका खाली हवा, पण पुढचं भिंग नळीला टेकता कामा नये. नळी पूर्ण मोडून एकदा छर्रा भरायची नक्कल करा, बोटांना जागा उरते ना ते पाहा.

मग क्रॉस सरळ करायचा. यासाठी गवंड्याचा ओळंबा उत्तम. १०-१५ मीटरवर दोरी लोंबकळत ठेवा, रायफलीच्या खाचेवर छोटी पाणसळ ठेवून रायफल समतल करा, आणि स्कोप फिरवून उभी रेघ दोरीवर आणा. हे नुसतं दिसायला नीट असावं म्हणून नाही. क्रॉस ५ अंशांनी तिरका असेल तर तुम्ही नेम जुळवायच्या बटणावर, म्हणजे टरेटवर, २० क्लिक वर घेताना छर्रा जवळजवळ २ क्लिक बाजूलाही सरकतो. जितकं वर घ्याल तितकं बाजूला जात राहील.

रिंगांचे स्क्रू एकदम एक न आवळता आलटूनपालटून, कर्णाकर्णानं, पाव-पाव फेरा द्या. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या राहिल्या पाहिजेत. साधारण २ न्यूटन-मीटर इतकाच जोर पुरतो. टॉर्कचा पाना नसेल तर अ‍ॅलन कीचा लांब दांडा स्क्रूत घालून आखूड बाजू बोटांनी फिरवा, म्हणजे जास्त आवळलं जाणारच नाही. नळीवर वळ उठेपर्यंत आवळणं ही फार वाईट सवय आहे. आतली भिंगं त्यानं कायमची दबतात. क्रॉस स्पष्ट दिसण्यासाठी डोळ्याजवळचं कडं पांढऱ्या भिंतीकडे पाहत जुळवा. सूर्याकडे स्कोप कधीही रोखू नका.

शेवटी झिरो करणं, म्हणजे नेम धरला तिथेच छर्रा लागेल असं जुळवणं. टरेटवर एका क्लिकला १/४ असं लिहिलेलं असतं. ते १०० यार्डांचं माप आहे: पाव इंच. १० मीटरवर एका क्लिकनं छर्रा फक्त पाऊण मिमी हलतो. एकाच नेमावर मारलेल्या छर्‍यांचा पुंजका, म्हणजे ग्रुप, १५ मिमी खाली असेल तर २० क्लिक वर घ्यावे लागतील. दोन-तीन क्लिक देऊन "स्कोप चालतच नाही" म्हणणारे खूप भेटतात. एका छर्‍यावर काही ठरवू नका. पाचांचा ग्रुप मारा, त्याचा मध्य पाहा, मग क्लिक द्या. नळी मोडायच्या रायफलींत नळी किंचित खाली झुकलेली असते, त्यामुळे वरचे क्लिक संपत आले तरी छर्रा खालीच लागतो. तेव्हा टरेट टोकापर्यंत पिळू नका, आतली स्प्रिंग सैल पडून झिरो टिकत नाही. मागच्या रिंगेत स्कोपखाली जुन्या फोटोच्या फिल्मचा एक तुकडा ठेवला की काम भागतं, किंवा झुकाव भरून काढणारे माउंट मिळतात. झिरो झालं की २० क्लिक उजवीकडे, २० वर, २० डावीकडे, २० खाली देत प्रत्येक ठिकाणी ग्रुप मारा. शेवटचा ग्रुप पहिल्यावरच आला तर स्कोप विश्वासाचा. नाही आला तर पावती घेऊन दुकानात परत जा.

एक गोष्ट लक्षात असू द्या. स्कोप नळीच्या साधारण ४ सेंटीमीटर वर असतो, आणि सेकंदाला २०० मीटर वेगानं सुटलेला छर्रा १० मीटर जाईपर्यंत सव्वा सेंटीमीटरच्या आसपास खाली पडतो. म्हणजे नळी नजरेच्या रेषेच्या तुलनेत थोडी वर रोखलेली असते. म्हणून १० मीटरला झिरो केलेली रायफल १५ मीटरला काही मिमी वर मारते. अंतर बदललं तर पुन्हा कार्डावर तपासा.

नवा स्कोप बसवल्यावर पहिल्या ५० छर्‍यांनंतर माउंटचे सगळे स्क्रू पुन्हा एकदा तपासा, आणि माउंटच्या मागे पेन्सिलीनं रेघ ओढून ठेवा. रेघ झाकली गेली तर स्कोप मागे सरकला असं समजून पिन नीट बसवा. पुढच्या आठवड्यात छर्‍यांविषयी: एकाच रायफलीतून दोन वेगळ्या डब्यांतले छर्रे वेगवेगळ्या ठिकाणी का लागतात ते पाहू.